हडसनखालचा बोगदा आणि नोकऱ्यांचं गाजर

मेट्रोपार्कचा_पांथस्थ

मंडळी, गेलं वर्षभर नुसता रोमात (फक्त वाचत) आहे, पण आज राहवेना म्हणून धागा काढतोय. १ ऑक्टोबर २०२५ ला शटडाउन (बजेट अडकल्याने केंद्राचं कामकाज ठप्प) सुरू झालं आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनने न्यूयॉर्ककडच्या दोन कामांचे मिळून १८ बिलियन डॉलर रोखून धरले. एक सेकंड अ‍ॅव्हेन्यू सबवे आणि दुसरं आमचं गेटवे, म्हणजे हडसन नदीखालचा नवा रेल्वे बोगदा. कारण काय, तर कंत्राटं देताना वंश आणि लिंग बघितलं जातं का ते तपासायचंय. आता डेमोक्रॅट्सचे काँग्रेसमधले नेते शुमर आणि जेफ्रीज दोघेही न्यूयॉर्कचेच, हा योगायोग मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी एडिसनला राहतो, नोकरी मॅनहॅटनमध्ये. ज्यांचा या भागाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, सध्याचा बोगदा १९१० चा आहे. दोन नळ्या, एक जायला एक यायला, बस. २०१२ च्या सँडी वादळात दोन्हीत खारं पाणी शिरलं, पाणी उपसून काढलं पण मीठ काँक्रीटमध्ये आणि केबलींमध्ये मुरलं ते अजून खातंय. त्याच्या अलीकडे हॅकेन्सॅक नदीवर पोर्टल ब्रिज, तोही १९१० चाच, बोट आली की आडवा फिरतो आणि परत फिरून आला की कधीकधी जागेवर बसतच नाही, मग माणसं घण घेऊन जातात आणि ठोकून ठोकून रूळ जुळवतात. गंमत करत नाहीये.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांना हौसेने लोकलने न्यूयॉर्क दाखवायला निघालो आणि त्या दलदलीत गाडी जी थांबली ती सव्वा तास. एसी बंद, बाहेर बोरूसारखं उंच गवत आणि एक बगळा. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "अहो, मिरजेच्या यार्डात निदान चहावाला तरी येतो."

तर माझा प्रश्न असा. इथे रस्ता, पूल, रेल्वे काहीही करायचं म्हटलं की दोन्हीकडून एकच शब्द, जॉब्स. एक पक्ष म्हणणार यातून इतक्या हजार नोकऱ्या, दुसरा म्हणणार यासाठी जो कर लावाल त्याने तितक्याच नोकऱ्या मरतील. मला ट्रेन वेळेवर हवी आहे हो. पुलावरून गाडी जाते ती डेमोक्रॅटची की रिपब्लिकनची हे पूल विचारत नाही. हे भांडण नक्की कशावरून आहे कोणी समजावेल का? पुढच्या महिन्यात आमच्याकडे गव्हर्नरची निवडणूक आहे, त्यामुळे टीव्ही लावायची सोय राहिलेली नाही.

सिनसिनाटीकर

पहिला प्रतिसाद माझा येणार हे ठरलेलंच होतं, कारण या संस्थळावर रिपब्लिकन बाजू मांडणारा मी एकटाच उरलोय (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या).

पांथस्थ, २००९ आठवतंय का? ओबामांचा स्टिम्युलस, म्हणजे मंदीवरचा उतारा म्हणून सरकारी खर्च, ७८७ बिलियन. त्यात वाहतुकीला ४८. सांगितलं काय होतं, तर शॉव्हेल-रेडी, म्हणजे पैसे आले की दुसऱ्या दिवशी फावडं लागणार. आणि जून २०११ मध्ये ओबामा स्वतःच नोकऱ्यांवरच्या बैठकीत हसत हसत म्हणाले की आम्हाला वाटलं होतं तेवढं ते शॉव्हेल-रेडी नव्हतं. लोकांची घरं जात होती आणि हे हसतायत! त्यानंतर दर वेळी नोकऱ्यांचा आकडा तोंडावर फेकला की मी तरी खिसा धरून बसतो.

दुसरं म्हणजे आमच्या ओहायोला ४०० मिलियन देत होते क्लीव्हलंड-कोलंबस-सिनसिनाटी ट्रेनसाठी. नाव हायस्पीडच्या योजनेत आणि सुरुवातीच्या आराखड्यात सरासरी वेग किती, तर ताशी ३९ मैल. मी माझ्या जुन्या कोरोलाने त्याच्या दुप्पट वेगात जातो. केसिच गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि ते पैसे नको म्हणाले. बरं केलं. बांधून देणार केंद्र आणि मग वर्षानुवर्षं तोट्यात चालवायची राज्याने, हा कुठला न्याय? आहेर म्हणून हत्ती दिला तर चारा कोण घालणार?

मॅडिसनची_वहिनी

केसिच यांनी नाकारलं म्हणून पैसे वाचले असं वाटतंय का भाऊजी? एक डॉलर वाचला नाही. ओहायोचे ४०० आणि आमच्या विस्कॉन्सिनचे ८१० मिलियन डिसेंबर २०१० मध्ये उचलून कॅलिफोर्निया, फ्लोरिडा वगैरेंना वाटून टाकले. मग फेब्रुवारीत फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी पण टँपा-ऑर्लँडोचे २.४ बिलियन परत केले, तेही दुसऱ्यांना गेले. पंगतीत तुम्ही जिलबी नको म्हटलं तर ती आचाऱ्याकडे परत जात नाही, शेजारच्या पानात पडते.

आमची गोष्ट तर अजून भारी आहे. मिलवॉकी-मॅडिसन गाडी होणार म्हणून स्पेनच्या टाल्गो कंपनीने मिलवॉकीत कारखाना काढला, ज्या भागात आधीचे मोठे कारखाने बंद पडून नुसती मोकळी जागा उरली होती तिथे. वॉकर 'ट्रेन बंद करू' म्हणून आमचे गव्हर्नर निवडून आले आणि त्यांनी बंद केली. पण मिलवॉकी-शिकागो मार्गासाठी राज्याने दोन गाड्या आधीच मागवल्या होत्या, चाळीस-पन्नास मिलियन त्यात गेले, गाड्या तयार झाल्या, लालपांढऱ्या रंगाच्या, आणि एकही प्रवासी न बसता वर्षानुवर्षं यार्डात उभ्या. शेवटी २०२२ मध्ये त्या कुठे गेल्या माहितीये? लेगॉसला, नायजेरियात. आता तिथल्या लोकलला लागल्या. आम्ही अजून मॅडिसनहून शिकागोला बसनेच जातो, ओहेअरला विमान पकडायचं असेल तर आधी तीन तास धरून.

आणि तो कारखाना? इथे गाड्या बांधायच्या नाहीत म्हटल्यावर कंपनी कशाला थांबेल.

तिरकस

म्हणजे विस्कॉन्सिनच्या करदात्याने लेगॉसमध्ये रोजगार निर्माण केला. वसुधैव कुटुंबकम्.

सिनसिनाटीकर

@वहिनी, ठीक आहे, पण ते पैसे शेजारच्या पानात पडले ना, त्या पानाचं काय झालं ते पण लिहा की. कॅलिफोर्निया! २००८ मध्ये लोकांनी हायस्पीड ट्रेनसाठी जवळजवळ १० बिलियनच्या बाँडना मत दिलं, तेव्हा सगळा खर्च ३३ सांगितला होता, आता शंभरच्या वर गेलाय आणि सतरा वर्षांत एक माणूस त्या गाडीत बसलेला नाही. तिथे तर रिपब्लिकन औषधाला नाहीत आडवे यायला. या जुलैत (२०२५) ट्रंप सरकारने त्यांचे ४ बिलियन काढून घेतले तेव्हा मला तरी फार वाईट वाटलं नाही.

स्ट्रक्चरवाला

मी पुलांच्या तपासणीत आहे, सतरा-अठरा वर्षं झाली, म्हणून थोडं आतलं सांगतो, लांबेल.

२००८ च्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसात बाविसातली नऊ माणसं काढली. मी तेव्हा एच-वनवर, नवीन लग्न, रोज सकाळी मेलबॉक्स उघडताना हात गार पडायचे. २००९ च्या उन्हाळ्यात स्टिम्युलसची कामं आली आणि मी वाचलो. त्यामुळे 'नोकऱ्या निर्माण झाल्याच नाहीत' असं कोणी म्हटलं तर मी काय म्हणू? माझी झाली नाही, टिकली. आकडेवारीत हे कुठे धरतात कोण जाणे.

पण काम काय होतं ते ऐका. रात्री नऊ ते पहाटे पाच हायवेवर उभं राहायचं. डांबराचा ट्रक आला की ताडपत्री उचलून थर्मामीटर खुपसायचा, ३०० फॅरनहाइटच्या आसपास पाहिजे, खूप उतरलं असेल तर ट्रक परत, मग ड्रायव्हर माझ्या आईवडिलांची आठवण काढणार. जुना थर खरवडून नवा थर. बस एवढंच. नवीन पूल नाही, बोगदा नाही. कारण सोपं आहे, पैसे ठराविक मुदतीत मंजूर करून संपवायचे होते, आणि डांबर टाकायला ना जमीन घ्यावी लागते ना पर्यावरणाचा मोठा अहवाल लागतो ना नदीवाल्यांची परवानगी. मोठ्या पुलाला डिझाइन आणि परवानग्यांतच पाच-सात वर्षं जातात. मंदी काय तुमच्यासाठी सात वर्षं थांबून राहणार आहे?

म्हणजे बघा, ज्या कामाने नोकऱ्या लगेच मिळतात ते काम फार दिवस टिकत नाही, दहा-बारा वर्षांत परत खरवडायचं. आणि जे काम शंभर वर्षं टिकणार त्याने आजच्या बेकाराला आज काही मिळत नाही. दोन्ही पक्ष या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून विकतात. डेमोक्रॅट बोगदा दाखवून डांबराच्या वेगाने नोकऱ्या कबूल करतात, आणि रिपब्लिकन डांबर दाखवून म्हणतात बघा, बोगदा कुठाय.

बाय द वे त्या कामांवर हिरवे बोर्ड लावायचे असत, हे काम रिकव्हरी अ‍ॅक्टच्या, म्हणजे त्याच स्टिम्युलसच्या, पैशातून म्हणून. त्या बोर्डांच्या खर्चावरून पण काँग्रेसमध्ये (इथल्या संसदेत) भांडणं झाली होती.

नवखी_२१

प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा, मी मागच्याच वर्षी एमएससाठी आलेय. पण पेट्रोलवर टॅक्स असतो ना? त्यातून होत नाही का हे सगळं? परत परत संसदेत भांडायला का लागतं?

मेट्रोपार्कचा_पांथस्थ

@नवखी, बाळबोध नाही, उलट हाच खरा प्रश्न आहे. केंद्राचा पेट्रोल टॅक्स गॅलनला १८.४ सेंट. हा १९९३ पासून एक सेंटसुद्धा वाढलेला नाही. तेव्हापासून महागाई कुठे गेली, गाड्या कमी पेट्रोल खायला लागल्या, आता तर विजेवर चालतात आणि एक पैसा देत नाहीत. १९५६ मध्ये आयझेनहॉवरनी हायवे ट्रस्ट फंड काढला तो याच टॅक्सवर, जो वापरेल तो भरेल, इतका साधा हिशोब. २००८ मध्ये पहिल्यांदा तळ दिसला आणि दुसऱ्या खात्यातून ८ बिलियन ओतावे लागले. तेव्हापासून ओततोच आहोत, अडीचशे बिलियनच्या वर गेलं. एकही पक्ष उठून म्हणत नाही की दहा सेंट वाढवा. एकाला कराची अ‍ॅलर्जी, दुसऱ्याला भीती की गरीब ड्रायव्हर चिडेल.

आणि आमच्या न्यू जर्सीची तर मजाच. आमच्याकडे पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून, माणूस येऊन भरतो. म्हणजे नोकऱ्या निर्माण करायचं एक तरी खात्रीचं तंत्र आमच्या राज्याला सापडलंय!

मॅडिसनची_वहिनी

पांथस्थ, तुमच्या जुन्या गव्हर्नरसाहेबांचं नाव कसं आलं नाही अजून? ख्रिस्टी!

मेट्रोपार्कचा_पांथस्थ

त्यावर येणारच होतो, रक्तदाब बघून लिहितो.

हा बोगदा दुसऱ्यांदा होतोय मंडळी. पहिला प्रयत्न 'आर्क' नावाचा, जून २००९ मध्ये कुदळ पडली होती. खर्च ८.७ बिलियन, त्यातले ३ केंद्राचे, ३ पोर्ट अथॉरिटीचे (न्यूयॉर्क-न्यू जर्सीची बंदरं, पूल, बोगदे सांभाळणारी संस्था). ऑक्टोबर २०१० मध्ये ख्रिस्टींनी बंद केला, म्हणाले खर्च वाढून ११ ते १४ होणार आणि वरचा सगळा बोजा राज्यावर पडणार. २०१२ मध्ये काँग्रेसच्याच लेखा तपासनिसांनी अहवाल दिला की राज्याचा वाटा ते सांगत होते तितका नव्हता. केंद्राने आधी खर्च झालेले २७१ मिलियन परत मागितले, वकील लावून तडजोड ९५ वर झाली. न झालेल्या बोगद्याचे ९५ मिलियन!

मग वाचलेल्या पैशाचं काय केलं? पोर्ट अथॉरिटीचे १.८ बिलियन पुलास्की स्कायवे आणि बाकी रस्त्यांकडे वळवले. म्हणजे राज्याचा पेट्रोल टॅक्स वाढवायला नको. आमचा टॅक्स तेव्हा साडेचौदा सेंट, देशातल्या सगळ्यात स्वस्तांपैकी, वीसेक वर्षं हलला नव्हता. आणि २०१६ मध्ये रस्त्याचा फंड पार आटला तेव्हा याच ख्रिस्टींनी सही करून एका दमात २३ सेंट वाढवले. आज तोच बोगदा १६ बिलियनला पडतोय. चालू असता तर मी आज सात वाजता घरी असतो, हा धागाच निघाला नसता.

सिनसिनाटीकर

ख्रिस्टींची बाजू घेतो, कोणीतरी घ्यायला हवी. तो आर्क बोगदा न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जोडलेलाच नव्हता. जमिनीखाली खोल वेगळं स्टेशन, तिथेच संपतो, पुढे जाता येत नाही. रेल्वेप्रेमी लोकच त्याला मेसीज या दुकानाच्या तळघरात जाणारा बोगदा म्हणायचे. नवीन राज्यकर्त्याने थांबून हिशोब मागितला तर तो लगेच खलनायक?

आणि खर्चाचं बोलायचं तर न्यूयॉर्कने सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा पहिला टप्पा केला, पावणेदोन मैल, साडेचार बिलियनच्या आसपास, तीन नवी स्टेशनं. पॅरिस-माद्रिदवाले यात कितीतरी जास्त करतात आणि तिथे युनियन नाहीत असं थोडंच आहे. मी पैसे देणार नाही असं म्हणत नाहीये, मी म्हणतोय की दुकानदार इतका महाग विकतोय तर आधी भाव तरी करा. १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा, केंद्राच्या कामावर त्या भागातला चालू दर द्यायचाच, तो दर ठरतो बहुतेक युनियनच्या हिशोबाने. ही नोकरी निर्माण करणं नाही, आहे त्या नोकरीचा पगार वाढवणं आहे. चांगलं असेल, पण मग तसं सांगा.

स्ट्रक्चरवाला

खर्चाच्या मुद्द्यावर सिनसिनाटीकरांना अनुमोदन, माझ्याच पोटावर पाय येत असला तरी. पण सगळं युनियनवर ढकलू नका. आम्ही सल्लागार लोक पण त्यात आहोत. प्रत्येक सरकारी खात्यात आता स्वतःचे इंजिनिअर कमी आणि आमच्यासारखे भाड्याचे जास्त, त्या भाड्याच्यांवर लक्ष ठेवायला अजून भाड्याचे. एका खांबाच्या ड्रॉइंगवर मी अकरा सह्या मोजल्यात.

पाटबंधारे_निवृत्त

मी जालन्याचा, मुलाकडे डॅलसला आलोय सहा महिने, वेळ जात नाही म्हणून तुमचं वाचत असतो. इथल्या पक्षांचं मला कळत नाही पण रस्ता आणि रोजगार यातलं थोडं कळतं.

१९७२ च्या दुष्काळात मी नुकताच मस्टर कारकून म्हणून लागलो होतो. एका एका कामावर दीड दीड हजार माणूस. खडी फोडायची, माती टोपल्यातून वाहायची, आठवड्याला मापं घ्यायची, खडी ब्रासवर मोजायची. बाया लेकरं झोळीत बांधून यायच्या. दुपारी सुकडी वाटायची. रेशनला तुमच्या अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी, लाल, भाकरी थापताना तुटायची, पण त्यावर माणसं जगली. त्यातून पुढे वि. स. पाग्यांच्या डोक्यातली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ चा कायदा. पैसे कुठून आणायचे तर शहरात पगारावर व्यवसाय कर लावला. आज पुण्या-मुंबईत पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून जे कापतात ना, ते मूळचं हे.

आता मुद्दा असा आहे बघा. आम्ही जो रस्ता केला तो पुढच्या दोन पावसात वाहून गेला. मुरूम टाकलेला, रोलर फिरवलेला नाही, कारण रोलर आणला असता तर पन्नास माणसं घरी बसली असती. नियमच होता की यंत्र शक्यतो नको, मजुरीवर जास्त खर्च करा. साहेब म्हणायचे रस्ता गेला तरी चालेल, माणूस जगला पाहिजे. आणि ते खरं होतं.

इथे मी रोज सकाळी फिरायला जातो तिथे हायवेचं काम चालू आहे. मोजलं तर एवढ्या मोठ्या पुलावर चौदा माणसं. एक क्रेन, दोन पोकलेन, एक बाई पाटी धरून उभी. चौदा माणसात कसला रोजगार? त्यामुळे मला वाटतं तुमच्याकडे रस्ता पाहिजे आहे पण मागताय रोजगाराच्या नावाने, आणि आमच्याकडे रोजगार पाहिजे होता आणि मागितला रस्त्याच्या नावाने. चूक असेल तर सांगा.

तिरकस

काका, दंडवत. मी आज तिरकस काही लिहिणार नाही.

स्ट्रक्चरवाला

काका, चूक कसली, हे तर अगदी नेमकं पकडलंत. ओबामांच्याच आर्थिक सल्लागारांचा हिशोब होता की वाहतुकीवरच्या एक बिलियनमागे साधारण १३ हजार नोकऱ्या, आणि त्याही वर्षभरासाठीच्या. म्हणजे तोच माणूस तीन वर्षं कामावर राहिला तर तीन नोकऱ्या मोजल्या. शिवाय यात पुलावरचे तुमचे चौदाच नाहीत, पोलाद कारखान्यातला, सिमेंटचा ट्रकवाला, आणि त्या सगळ्यांना दुपारी सँडविच विकणारा, सगळे धरले. भाषणात मात्र 'वर्षभरासाठी' हे शब्द गळतात.

नवखी_२१

काकांचा प्रतिसाद मी बाबांना पाठवला. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, बीडला खडी फोडायला जायची. हे मला आजवर माहीतच नव्हतं.

मॅडिसनची_वहिनी

एक राहून गेलं. रिपब्लिकन म्हणजे ट्रेनविरोधी असं पूर्वी नव्हतं हो. रेगन! १९८२ मध्ये बेकारी दहा टक्क्यांच्या वर, आणि रेगननी पेट्रोल टॅक्स चारचा नऊ सेंट केला, त्यातला एक सेंट लोकल, बस, मेट्रो यांना तोडून दिला. त्यांच्याच पक्षाचा जेसी हेल्म्स आडवा पडला होता सिनेटमध्ये, तरी केला. त्या एका सेंटापासून ८० टक्के हायवेला आणि २० टक्के ट्रान्झिटला अशी वाटणी पडत गेली, ती अजून चालू आहे. आणि २०१२ मध्ये हाउसचे रिपब्लिकन स्पीकर बेनर यांच्या लोकांनी नेमकी तीच तोडायला काढली, ट्रान्झिटला पेट्रोल टॅक्समधून बाहेर काढा. बिलाच्या नावात मात्र 'जॉब्स' होतंच, आणि सोबत अलास्कात तेल काढायची परवानगीही. पडलं कोणामुळे? त्यांच्याच न्यूयॉर्क-इलिनॉयच्या उपनगरातल्या खासदारांमुळे, कारण त्यांचे मतदार लोकलने जातात.

म्हणून मला हे पक्षाचं भांडण कमी आणि मतदारसंघाचं जास्त वाटतं. ओबामांचा परिवहन मंत्री रे लहूड स्वतः रिपब्लिकन, पिओरियाचा. अलास्काचा तो पन्नास माणसांच्या बेटावर जायचा पूल ज्याची देशभर थट्टा झाली, २०० मिलियनच्या वर मंजूर होते, तो पण हाउसच्या वाहतूक समितीच्या रिपब्लिकन चेअरमननेच घातला होता. स्वतःच्या गावाला आलं की विकास, दुसऱ्याच्या गावाला गेलं की उधळपट्टी.

सिनसिनाटीकर

वहिनी, यावर मला गप्प बसावं लागेल, कारण ब्रेंट स्पेन्स ब्रिज.

आमच्या सिनसिनाटीचा विमानतळ केंटकीत आहे, नदीपलीकडे. मधला पूल १९६३ चा, दिवसाला ८० हजार गाड्यांसाठी बांधलेला, जातात त्याच्या दुप्पट. जागा पुरेना म्हणून ऐंशीच्या दशकात कडेची आपत्कालीन लेन काढून तिथे पण गाड्या सोडल्या. म्हणजे टायर पंक्चर झाला तर तुम्ही भर रहदारीत उभे. २०११ मध्ये ओबामा मुद्दाम इथे आले, एका टोकाला बेनरचं राज्य, दुसऱ्या टोकाला सिनेटमधले रिपब्लिकन नेते मकॉनल यांचं, आणि म्हणाले माझं जॉब्स बिल पास करा म्हणजे हा पूल होईल. मला तेव्हा ती निव्वळ नौटंकी वाटली आणि अजूनही वाटते. त्यातला ६० बिलियनचा वाहतुकीचा तुकडा सिनेटमध्ये आला, मिलियनवर कमावणाऱ्यांवर ०.७ टक्के जादा कर लावून. ५१-४९ झालं पण लागतात ६०, पडला.

२०२० च्या नोव्हेंबरात पुलावर दोन ट्रक धडकून आग लागली, पूल सहा आठवडे बंद. माझं गोदाम पलीकडे आहे. सहा आठवडे माझे ट्रक फेऱ्याने गेले, डिझेल आणि ओव्हरटाइमचं बिल बघून बायको म्हणाली हा तुझा लिमिटेड गव्हर्नमेंट. पुढे २०२१ चं बायडनचं मोठं बिल आलं, १.२ ट्रिलियन, सिनेटमधले १९ रिपब्लिकन त्यात होते, मकॉनल पण. जानेवारी २०२३ मध्ये बायडन आणि मकॉनल त्याच पुलाशेजारी एकत्र उभे राहिले, १.६ बिलियन घेऊन. मी घरी टीव्हीवर बघत होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चॅनल पण बदललं नाही.

तिरकस

हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा रे कोणीतरी.

संपादक_मंडळ

धागा चांगला चाललाय, असाच चालू द्या. ट्रंप-आरती आणि ट्रंप-शिव्या असे चार प्रतिसाद उडवले आहेत. गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा.

मॅडिसनची_वहिनी

भाऊजी, पण त्याच बिलाला हाउसमध्ये तुमचे फक्त तेरा 'हो' म्हणाले, आणि पैसे आल्यावर फीत कापायला किती आले ते मोजू का? (बरं, आमचे सहा पण 'नाही' म्हणाले होते, अगदी डावीकडचे, ते पण लिहिते म्हणजे पक्षपात नको.)

स्ट्रक्चरवाला

पांथस्थ, तू रोज त्या मार्गाने जातोस तर एक विचारायचं होतं. पोर्टलच्या शेजारचा नवा पूल दिसतो का गाडीतून? त्याच्या तीन पोलादी कमानी वर हडसनच्या काठी कोयमन्सला जुळवल्या आणि बार्जवर घालून नदीतून खाली आणल्या. मी व्हिडिओ बघितलेत, पण प्रत्यक्ष बघणाऱ्याकडून ऐकायचंय.

मेट्रोपार्कचा_पांथस्थ

दिसतो तर! डाव्या खिडकीशी बसलं की जाताना दिसतो. आधी नुसते पांढुरके खांब होते दलदलीत, वर्षभर तसेच, मला वाटलं यांचं पण काहीतरी झालं. मग एका सकाळी त्यातल्या दोन खांबांवर कमान. रात्रीत उगवल्यासारखी. डब्यातली माणसं, जी एरवी फोनमधून मान वर काढत नाहीत, ती सगळी डावीकडे वळली, कंडक्टर पण तिकीट तपासायचं सोडून वाकून बघत होता. माझ्या शेजारचा म्हातारा, बहुतेक रोजचाच, म्हणाला फायनली, आणि परत झोपला. जुन्या पुलावरून आमची गाडी नेहमीसारखी गोगलगायीच्या वेगाने चालली होती म्हणून सगळ्यांना नीट बघता आलं, हा एक फायदा.

तो पूल बहुतेक वाचला, कारण खूप पुढे गेलाय. माझी भीती बोगद्याची आहे. जमिनीवरचं काम दिसतं म्हणून त्याला लाजेने तरी पूर्ण करतात. नदीखालचं भोक कोणाला दिसत नाही, ते अर्धवट सोडणं सोपं. आर्कच्या वेळी सोडलंच होतं की.

पाटबंधारे_निवृत्त

आमच्याकडे पण अर्धवट पाझर तलाव असेच असत. सांडव्याचा दगड राहिला की पुढचं सरकार म्हणे हे आमचं काम नव्हे. आणि मुंबईच्या मेट्रोची कारशेड आठवा, २०१९ ला एकाने थांबवली, २०२२ ला दुसऱ्याने ती स्थगिती उठवली. तुमचं वाचून मला उगीच वाटत होतं अमेरिकेत हे वेगळं असेल.

सिनसिनाटीकर

पांथस्थ, गेटवेचे पैसे अडवायची पद्धत मला पण पटलेली नाही, हे लिहून ठेवतो. नियम तपासायचे होते तर काम मंजूर करताना तपासायचे. ठेकेदाराची माणसं साइटवर असताना नळ बंद करणं हे धंद्यात कोणी करत नाही. बाकी खर्चावरचं माझं म्हणणं कायम.

बरं ते जाऊ दे, तू डिसेंबरात इकडे लग्नाला येतोयस ना? विमान किती वाजता उतरतं?

मेट्रोपार्कचा_पांथस्थ

संध्याकाळी ४:५०. हॉटेल डाउनटाउनला आहे, उबर करतो, उगाच त्रास नको. तो तुमचा ऐतिहासिक पूल पण बघून होईल.

सिनसिनाटीकर

उबर कशाला, मी येतो घ्यायला. पण आपण २७५ नंबरच्या हायवेवरून लांबून येऊ. पाचनंतर त्या पुलावर मी गाडी घालत नाही.